घरातील आणि कार्यालयातील संगणकाची सुरक्षितता: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील लहान कार्यालयांचे, दुकानांचे आणि ओळखीच्या घरांचे संगणक सांभाळण्याचे काम मी करतो. इतवारीतील ठोक व्यापारी असोत की त्रिमूर्तीनगरातील सेवानिवृत्त शिक्षिका, सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात, म्हणून ते उत्तरांसह येथे एकत्र मांडले आहेत. बहुतेक फसवणुकींमध्ये तंत्रज्ञानाचा भाग थोडा असतो आणि समोरच्याला घाईत टाकण्याचा, घाबरवण्याचा किंवा लालूच दाखवण्याचा भाग मोठा असतो. अशा वेळी भल्याभल्यांना सुचत नाही. त्यामुळे तेव्हा काय करायचे हे निवांतपणी ठरवून ठेवावे, असे मी प्रत्येक घरी आणि प्रत्येक कार्यालयात आग्रहाने सांगतो.

आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय? आमच्या संगणकाच्या वाटेला कोण जाईल?

चोराला तुम्ही कोण आहात हे बहुधा ठाऊकच नसते. कुठल्या तरी संकेतस्थळावरून फुटलेल्या ईमेल पत्त्यांची आणि पासवर्डची यादी त्याच्या हाती लागते आणि एक प्रोग्राम ती यादी शेकडो ठिकाणी आपोआप लावून पाहतो. जिथे कुलूप उघडते तिथे तो शिरतो. तुमच्या खात्यात पाच हजार रुपये असले तरी तुमच्या ईमेलमध्ये पॅन कार्डाची प्रत, आधारची प्रत, विम्याचे कागद, मुलांच्या शाळेच्या पावत्या आणि इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची सोय असते. शिवाय तुमच्या नावाला ओळखीपाळखीत पत असते. तुमच्या व्हॉट्सॲपवरून ‘अर्जंट वीस हजार पाठव, संध्याकाळी देतो’ असा संदेश गेला तर दहा जणांपैकी एखादा पाठवतोच.

याच संदर्भात महाविद्यालयीन मुलांच्या पालकांना एक कळकळीची विनंती आहे. ‘तुझे बँक खाते काही दिवस वापरायला दे, टक्केवारी देतो’ असे सांगणारे लोक मुलांना भेटतात. फसवणुकीचा पैसा फिरवण्यासाठी अशी खाती लागतात. पुढे खाते गोठवले जाते आणि पोलिसांची नोटीस मुलाच्या नावाने येते. खिशात चार हजार आले म्हणून खूश झालेल्या मुलाला आपण गुन्ह्यात ओढले गेलो आहोत याची कल्पनाही नसते. घरी याविषयी स्पष्ट बोलून ठेवावे.

पासवर्ड कसा असावा आणि इतके सगळे लक्षात कसे ठेवावेत?

पासवर्डची ताकद मुख्यतः त्याच्या लांबीत असते. एखादे मोठे अक्षर, एक आकडा आणि शेवटी उद्गारचिन्ह लावलेले आठ अक्षरी नाव प्रोग्रामला फार वेळ अडवू शकत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर ते लक्षातही राहतात आणि ओळखायला फार अवघड जातात. शब्द मनाने निवडू नयेत, कारण मन घरच्यांची नावे, गाव, देव आणि म्हणी यांच्याकडेच धावते. शब्दकोश कुठेही उघडून बोट ठेवावे आणि येईल तो शब्द घ्यावा.

लांबीइतकेच महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असणे. निदान ईमेल, बँक आणि कार्यालयातील प्रवेश या तिघांचे पासवर्ड तरी इतर कुठेही वापरलेले नसावेत. एवढे सगळे डोक्यात मावणार नाही हे उघड आहे. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर नावाचे प्रोग्राम असतात. ते सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाआड कुलूपबंद ठेवतात आणि योग्य संकेतस्थळ दिसले तरच भरून देतात. खोट्या पानावर ते गप्प राहतात, हा त्यांचा मोठा फायदा आहे.

ज्येष्ठ मंडळींना हे जमत नसेल तर पासवर्ड वहीत लिहून ती वही कपाटात कुलूपात ठेवावी, असे मी खुशाल सांगतो. रशियात किंवा झारखंडात बसलेला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. मात्र मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी चालणार नाही. एका कार्यालयात वाढदिवसाचा सामूहिक फोटो फेसबुकवर टाकला गेला होता. केकच्या मागे असलेल्या मॉनिटरवरची चिठ्ठी त्यात इतकी ठळक आली होती की वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही मोबाइलवरसुद्धा वाचता येत होते.

दर महिन्याला पासवर्ड बदलायलाच हवा का?

नको. सक्तीने बदलायला लावले की लोक जुन्याच पासवर्डापुढचा आकडा एकाने वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे सुचवले आहे. पासवर्ड फुटल्याची शंका आली, तो कोणाला सांगितला गेला, किंवा तो माहीत असलेला कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर मात्र त्याच दिवशी बदलावा.

ओटीपी येतो म्हणजे खाते सुरक्षित आहे ना?

पासवर्डानंतर दुसरा टप्पा असणे हे केव्हाही चांगलेच आहे. ईमेल, व्हॉट्सॲप आणि समाजमाध्यमांच्या खात्यांवर तो आजच सुरू करावा. व्हॉट्सॲपमध्ये ही सोय ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ या नावाने सेटिंगमध्ये मिळते. तिथे सहा आकडी पिन ठरवावा लागतो.

परंतु एसएमएसने येणारा ओटीपी हा या टप्प्याचा सर्वांत कच्चा प्रकार आहे, कारण तो तुमच्या तोंडून काढून घेता येतो. तुमच्या नावाचे दुसरे सिम कार्ड मिळवून तो पळवताही येतो. त्यापेक्षा मोबाइलमधील ऑथेंटिकेटर ॲप बरे. दर तीस सेकंदांनी बदलणारा आकडा ते सिमशिवाय दाखवते. सर्वांत भक्कम प्रकार पासकीचा, म्हणजे पासवर्डाऐवजी तुमच्याच उपकरणात ठेवलेल्या डिजिटल किल्लीचा आहे, कारण पासकी खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. कोणताही प्रकार निवडा, पण खाते देणारी कंपनी जे राखीव कोड देते ते कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. मोबाइल हरवला त्या दिवशी तेवढाच आधार उरतो.

खोटी लिंक किंवा खोटा ईमेल ओळखायचा कसा?

मराठी-इंग्रजीच्या चुका पाहून खोटा मजकूर ओळखण्याचे दिवस आता गेले. हल्लीचे खोटे संदेश शुद्ध भाषेत येतात. म्हणून मजकुराकडे न पाहता पत्त्याकडे पाहायला शिकावे. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. खरा मालक तिथे असतो. पत्त्याच्या सुरुवातीला तुमच्या बँकेचे नाव ठळक दिसत असेल, पण त्या रेघेच्या आधी भलतेच नाव असेल, तर ते पान त्या भलत्याचे आहे. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे तुमच्या आणि त्या पानाच्या मधली वाट बंदिस्त आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे याची हमी ते कुलूप देत नाही.

बँकांच्या बाबतीत आता एक सोपी खूण झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. हे पत्ते फक्त बँकांनाच मिळतात. तेव्हा बँकेचा पत्ता एकदा पासबुकावरून किंवा शाखेतून खात्री करून ब्राउझरमध्ये बुकमार्क करावा आणि नेहमी तिथूनच जावे. संदेशातील लिंकवरून बँकेत कधीही जाऊ नये.

जोडलेल्या फाइलींविषयी एक छोटी गोष्ट. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट मुळात लपवून ठेवते, त्यामुळे ‘इन्व्हॉइस.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल डोळ्यांना ‘इन्व्हॉइस.पीडीएफ’ अशीच दिसते आणि उघडली की प्रोग्राम चालू होतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत जाऊन नावांची शेपटे दाखवण्याची सोय सुरू करावी. दोन मिनिटांचे काम आहे.

पुरवठादाराचा ईमेल आला की बँक खाते बदलले आहे. पैसे नव्या खात्यावर पाठवावेत का?

फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये, आणि तो फोन ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर न करता आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर करावा.

कळमन्यातील एका संत्रा व्यापाऱ्याच्या पेढीत हंगामाच्या ऐन धावपळीत खोके पुरवणाऱ्याचा असा ईमेल आला होता. खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा होता, बिलाची रक्कम पैशापर्यंत बरोबर होती, सही तीच होती. फक्त खाते क्रमांक नवा होता. मुनीमजींनी सवयीप्रमाणे जुन्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडून उत्तर आले, “काकाजी, आम्ही कुठं खातं बदललं?” नंतर मी तो ईमेल मोठा करून पाहिला, तेव्हा पाठवणाऱ्याच्या पत्त्यात रोमन ‘एम’ या अक्षराच्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे शेजारी-शेजारी बसवलेली होती. मॉनिटरच्या नेहमीच्या अक्षरांत ती जोडी ‘एम’सारखीच दिसत होती. मुनीमजींचा त्या वेळचा चेहरा मी विसरलेलो नाही. लाखांची रक्कम एका फोनवर वाचली होती.

असा ईमेल बरोबर बिलासह येतो याचा अर्थ दोघांपैकी एकाची मेलपेटी आधीच कोणीतरी वाचत असते. म्हणून केवळ पासवर्ड बदलून थांबू नये. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपली पत्रे आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला आहे का हे तपासावे, आणि अनोळखी उपकरणांवरील लॉगिन बंद करावे. पासवर्ड बदलला तरी असा नियम चालूच राहतो, आणि नेमके हेच तपासायचे राहून जाते.

कार्यालयात याकरिता लेखी नियम असावा: खाते बदल आणि ठरावीक रकमेवरील पैसे दोन व्यक्तींच्या होकाराशिवाय जाणार नाहीत, मग निरोप साक्षात मालकांच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेला असो. कारकुनाला साहेबांना उलट विचारायचा संकोच वाटतो आणि चोर त्याच संकोचावर विसंबून असतो. हा नियम मालकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला तरच तो टिकतो.

‘आज रात्री साडेनऊला वीज खंडित होईल’ असा संदेश आला आहे. खरा असेल का?

खरा नाही. महावितरण ग्राहकाला खासगी मोबाइल क्रमांकावर फोन करायला किंवा एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगत नाही. बिल बाकी आहे का हे महावितरणच्या अधिकृत ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून पाहावे आणि विषय संपवावा.

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर येणारी ‘लग्नपत्रिका’ आणि वर्षभर येणारे ‘वाहतूक चलान’ हीदेखील याच जातीची जाळी आहेत. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नसून मोबाइलवर बसणारा प्रोग्राम असतो. तो एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो आणि नंतरचे सगळे ओटीपी परस्पर पलीकडे पोहोचवतो. पत्रिका तुमच्या सख्ख्या मामांकडून आली असली तरी उघडू नका, कारण मामांच्या मोबाइलमध्ये शिरलेला प्रोग्रामच ती पुढे पाठवत असू शकतो. आधी मामांना फोन करा.

व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या गणवेशातील माणूस अटक झाल्याचे सांगतो. अशा वेळी काय करावे?

कॉल बंद करावा. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. अटक झालेल्या व्यक्तीला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये लिहिलेले आहे. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर चौकशी करून ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी याच फसवणुकीचा उल्लेख करून लोकांना थांबा, विचार करा आणि मग कृती करा असे सांगितले होते.

हे सगळे माहीत असूनही माणसे अडकतात, कारण चोर त्यांना एकटे पाडतात. माझ्या ओळखीच्या एका सेवानिवृत्त शिक्षिका सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत अशा कॉलवर होत्या. पडदे ओढलेले होते, टेबलावर ताट झाकलेले तसेच होते, आणि ‘दार उघडलेत तर मुलावर गुन्हा दाखल होईल’ या धमकीने त्या खुर्चीवरून हलल्या नव्हत्या. शेजारच्या काकूंनी दूध घ्यायला बेल वाजवली, चार वेळा वाजवली, आणि दार उघडेना म्हणून मला फोन केला. मी तिथे पोहोचलो तेव्हा त्यांच्या हातात मुदत ठेवीच्या पावत्या होत्या. पैसे वाचले. पुढे कित्येक दिवस त्या अनोळखी क्रमांकाचा फोन उचलत नव्हत्या, आणि त्यांना आपल्या भोळेपणाची लाज वाटत होती. त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता, हे घरच्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

म्हणून प्रत्येक घरात असा एक नियम असावा की, ‘कोणाला सांगू नका’ असे म्हणणाऱ्याचा फोन आला की लगेच घरच्या अमुक एका व्यक्तीला सांगायचे. नाव आजच ठरवा. मुले पुण्यात किंवा परदेशात असतील तर शेजारचे नाव ठरवा.

बँकेतून किंवा कंपनीतून आलेला फोन खरा आहे हे कसे समजावे?

बँका आणि वित्तीय संस्थांच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका राखून ठेवलेली आहे. तरीही क्रमांकापेक्षा आपला नियम अधिक विश्वासाचा: फोन ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः करायचा. ग्राहक सेवेचा क्रमांक गुगलवर शोधू नये, कारण तिथे चोरांनी पेरलेले क्रमांकही सापडतात. एनीडेस्कसारखे दुरून संगणक चालवण्याचे ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीही बसवू नये. असे ॲप मुळात चांगल्या कामासाठीच आहे, मीही ते वापरतो. पण ते बसवून सांकेतिक आकडा सांगितला की आपल्या घराची किल्ली समोरच्याच्या हातात जाते. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही, हे घरातील प्रत्येकाला पाठ असावे.

सारखे सारखे अपडेट करणे गरजेचे आहे का?

आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणक काही तासांत बंद पाडले, तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिलेले होते. दोन महिने ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत राहिलेल्यांचे संगणक प्रामुख्याने सापडले.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अनेक कार्यालयांत आजही तेच चालू आहे आणि ‘चांगलं चालतंय की’ असे उत्तर मिळते. दारे-खिडक्या नीट असल्या तरी नवे भगदाड पडले तर बुजवायला आता पूर्वीसारखे आपोआप कोणी येणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. यंत्राला विंडोज ११ पेलत नसेल आणि केवळ ईमेल, ब्राउझर व टंकलेखन एवढेच काम असेल, तर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीची एखादी मोफत आवृत्ती बसवून घ्यावी. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामसाठी मात्र वेगळे नवे यंत्रच घ्यावे लागेल.

बर्डीवर किंवा इतरत्र शे-दोनशे रुपयांत ‘सगळं टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडून चोरीचे सॉफ्टवेअर टाकून घेऊ नये. ते चालू करण्यासाठी जी ‘क्रॅक’ फाइल लागते, ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. तिथेच काय ते समजावे.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

घरगुती वापरासाठी विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर, तो चालू आणि अद्ययावत ठेवला तर, पुरेसा आहे. त्याहून जास्त फायदा एका साध्या बदलाने होतो: रोजच्या कामासाठी संगणकाचे सगळे अधिकार असलेले ॲडमिनिस्ट्रेटर खाते न वापरता साधे खाते वापरावे. मुलांना त्यांचे स्वतंत्र साधे खाते द्यावे. खेळाच्या नावाखाली काही उतरले, तरी संपूर्ण यंत्रावर त्याचा ताबा बसणे अवघड होते.

बॅकअप घेतो, मग काळजी कशाची?

तो कुठे ठेवता, याची.

गांधीबागेतील एका एजन्सीतून मे महिन्यात भर दुपारी फोन आला की टॅली उघडत नाही. जाऊन पाहिले तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे कधी न पाहिलेली अक्षरे लागलेली होती आणि पडद्यावर खंडणी मागणारी एक चिठ्ठी होती. मालक शांत होते. “बॅकअप आहे ना,” म्हणाले आणि सीपीयूच्या मागे बोट दाखवले. तिथे धुळीने माखलेली एक हार्ड डिस्क होती, गेली दोन वर्षे कधीही न काढलेली. ती उघडली तेव्हा तिच्यातील प्रत्येक फाइललाही तीच अक्षरे लागलेली होती. जोडलेली डिस्क संगणकाला आपलाच एक कप्पा वाटते. चोराच्या प्रोग्रामलाही तसेच वाटते. मार्चअखेर सीएंना पाठवलेली एक प्रत होती म्हणून मागचे वर्ष वाचले, आणि त्यापुढचे व्यवहार बँकेच्या उताऱ्यांवरून व जीएसटीच्या विवरणांवरून पुन्हा भरायला तीन आठवडे लागले. चोर आत आला होता तो मालकांना घरून टॅली पाहता यावी म्हणून थेट इंटरनेटवर उघडे सोडलेल्या रिमोट डेस्कटॉपमधून, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या विंडोजच्या सोयीतून, आणि त्याचा पासवर्ड दुकानाचे नाव व १२३ असा होता.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी ३-२-१ हा नियम लावतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत वास्तूच्या बाहेर. डिस्क बॅकअप झाल्याबरोबर काढून कपाटात ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात ती कूलरच्या झोतात किंवा तापलेल्या गाडीत विसरू नये. आणि तीन महिन्यांतून एकदा तरी त्या प्रतीतून एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी, कारण न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा.

खंडणी भरू नये. पैसे देऊनही फाइली परत मिळतीलच असे नाही. युरोपोल आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही जुन्या प्रकारांची कुलुपे मोफत उघडण्याची साधने मिळतात. तिथे आधी पाहावे.

झेरॉक्सच्या दुकानात कागदपत्रे छापायची असतील तर?

परीक्षेचे फॉर्म आणि प्रवेशाच्या दिवसांत धरमपेठेपासून महालापर्यंत प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात एकच दृश्य दिसते. मुलगा दुकानातील संगणकावर स्वतःचे ईमेल किंवा व्हॉट्सॲप वेब उघडतो, कागद छापून घेतो आणि गर्दीत तसाच निघून जातो. खाते तिथे उघडेच राहते. तसे झाले असेल तर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते उपकरण काढून टाकता येते. मुळात दुकानदाराच्या ईमेलवर फक्त तेवढीच फाइल पाठवणे आणि छपाई झाल्यावर समोर उभे राहून ती पुसायला सांगणे अधिक बरे. आधारची गरज असेल तिथे शक्य तेव्हा शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवता येते.

घरच्या वायफायसाठी काय करावे?

राउटर बसवणाऱ्याने ठेवलेले दोन्ही पासवर्ड बदलावेत: वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा. दुसरा बहुतेक घरांत तसाच राहिलेला असतो. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करावे आणि घरून कार्यालयाचे काम करणाऱ्यांनी आपला कामाचा लॅपटॉप मुलांना खेळायला देऊ नये.

पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय करायचे?

ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्यात असा भराभर हलवतो आणि ही यंत्रणा बँकांना कळवून तो वाटेतच अडवण्याचा प्रयत्न करते; त्यामुळे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. घरच्यांना सांगायचे कसे या विचारात रात्र घालवू नये. त्यानंतर बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर सविस्तर तक्रार करावी किंवा शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. व्यवहार क्रमांक, संदेश आणि कॉलची नोंद यांचे स्क्रीनशॉट ही लेखी तक्रार करण्याआधी काढावेत. घाबरून मोबाइल फॉरमॅट करू नये, त्यात पुरावा जातो.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची खबर, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचेच असते, पण खबर दिल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यातच हित आहे.

कार्यालयात असे घडले तर कायद्याने काही बंधन आहे का?

होय. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आणि शासकीय संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवायच्या असतात, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतील अनेक लहान कारखान्यांना हे माहीत नसते. कोणी कळवायचे त्याचे नाव आधी ठरवून भिंतीवर लावावे. ज्या कर्मचाऱ्याने चुकून लिंक उघडली त्याला रागावू नये. रागावल्यास पुढचा माणूस लपवेल आणि ते सहा तास त्यातच जातील.

जुना संगणक भंगारात किंवा ओएलएक्सवर विकताना काय काळजी घ्यावी?

फाइल पुसून रिसायकल बिन रिकामी केली तरी माहिती डिस्कवर राहते आणि साध्या प्रोग्रामने परत काढता येते. आधी सर्व खात्यांतून बाहेर पडावे. मग विंडोजच्या ‘रीसेट’ पर्यायात सगळे काढून टाकण्याबरोबरच ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्यायही निवडावा. याला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवावे. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क असेल, तर ती आधी एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) करून मग रीसेट करावे. यंत्र बंदच पडले असेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी आणि उरलेले यंत्र द्यावे. भंगारवाला त्यासाठी शंभर-दोनशे रुपये कमी देईल, ते कमी घ्यावेत.